बाबांविषयी पाच मिनिटे

बाबा गेल्यानंतर महिन्याभराने त्यांच्या स्मरणसभेत घरातर्फे कोणीतरी बोलावे असे ठरले आणि ‘तुला लिहायची सवय आहे’ एवढ्या एका कारणावरून ते काम माझ्या गळ्यात पडले. वेळ पाच मिनिटांची होती. सावकाश, मध्ये थांबत वाचले तर मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. म्हणजे ५०० शब्दांत सगळे बसवायचे होते. मी एका रात्रीत १,२०० शब्द लिहून काढले आणि दुसऱ्या दिवशी ताईला फोनवर वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, “छान झालंय, पण बाबांचं नाव काढून दुसऱ्या कुणाच्या वडिलांचं घातलंस तरी एक शब्द बदलावा लागणार नाही.”

मला राग आला, पण मजकूर पुन्हा वाचला तेव्हा तिचे म्हणणे नाकारता येईना. मनमिळाऊ, परोपकारी, निगर्वी, समाजासाठी झटणारे अशी विशेषणे मी ओळीने मांडली होती आणि त्यांतल्या एकाहीमागे घडलेला प्रसंग नव्हता.

मग मी बाबांना ओळखणाऱ्यांकडे जायला सुरुवात केली. ‘बाबा कसे होते?’ असे विचारले की समोरचा हमखास ‘देवमाणूस’ म्हणायचा आणि बोलणे तिथेच संपायचे. चार-पाच जणांकडून हाच शब्द घेऊन परतल्यावर मी प्रश्न बदलला: ‘तुम्ही त्यांना शेवटचे भेटलात तेव्हा ते काय करत होते?’ याचे उत्तर देताना माणसे थोडी थांबत आणि मग खरे काहीतरी सांगत. एका शेजाऱ्यांनी सांगितले की जिन्यातला दिवा बदलणाऱ्या मुलासाठी बाबा शिडी धरून उभे होते आणि शिडी धरल्या धरल्याच ‘परीक्षेचा अर्ज भरलास का?’ म्हणून त्याला खडसावत होते. हे बाबा मी लगेच ओळखले. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक दाटीने येतात असे मानसशास्त्रज्ञ सांगतात, त्याचाही प्रत्यय आला. बाबांच्या समवयस्कांकडे त्यांच्या तरुणपणाचे ढीगभर किस्से होते. पण चाळिशी-पन्नाशीतले बाबा, म्हणजे आम्हा भावंडांना आठवतात ते, त्यांच्या बोलण्यात क्वचितच येत. ती वर्षे कागदांतच शोधावी लागणार होती.

कागद बाबांच्या कपाटात होते. वरच्या कप्प्यात चिकट पानांचा जुना अल्बम निघाला. अशा पानांचा डिंक काळाबरोबर पिवळा पडून फोटोला धरून बसतो आणि ओढून काढायला गेले तर फोटो फाटतो. म्हणून दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवत मी एकेक फोटो सोडवला. एका अल्बमला दोन संध्याकाळी लागल्या. मागच्या बाजूला नावे मऊ पेन्सिलीने लिहिली, कारण पेनाची शाई उमटते आणि दाब पुढच्या बाजूला दिसतो.

खालच्या कप्प्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांची रक्तदानाची कार्डे होती. बाबांनी ‘शंभर वेळा’ रक्त दिले हे आमच्या घरातले ठरलेले वाक्य. ते मी पहिल्या मसुद्यातही निःशंकपणे लिहिले होते. कार्डे जमिनीवर तारखेनुसार मांडून मोजली तेव्हा ६३ भरली. पहिले वयाच्या तेविसाव्या वर्षाचे, शेवटचे एकसष्टाव्या वर्षाचे. दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे अंतर धरले तरी अडतीस वर्षांत शंभर सहज शक्य होते आणि मध्ये तीन-चार वर्षांचे एकही कार्ड नव्हते, तेव्हा काही हरवली असतील हेही खरे. काकांचे मत होते की शंभरच म्हणावे, कोण मोजायला बसले आहे! मी मोजायला बसलो होतो, म्हणून मी ६३ लिहिले. स्वतःच्या वहीत पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर गोळाबेरीज आकडा घालणे मला पटले नाही.

बाबांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. रुग्णाचा गट तपासायलाही उसंत नसते तेव्हा याच गटाच्या तांबड्या पेशी देतात, कारण त्या जवळपास कोणालाही चालतात. उलट ओ निगेटिव्ह रुग्णाला मात्र ओ निगेटिव्हच लागते. शिवाय साठवलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात, त्यामुळे अशा गटाच्या माणसाला पुन्हा पुन्हा बोलावणे येते. रात्री-अपरात्री फोन वाजायचा आणि बाबा चपला घालायचे, त्याचे कारण मला इतक्या वर्षांनी, जमिनीवर पसरलेल्या कार्डांमध्ये बसल्यावर नीट उमजले.

त्यातले एक कार्ड ताईने उचलले. तारीख तिच्या दहाव्या वाढदिवसाची होती. त्या संध्याकाळी पाहुणे जमलेले असताना बाबा निघून गेले होते आणि ते कुठे गेले हे तिने कधी विचारले नव्हते. इथून आमचा वाद सुरू झाला. स्मरणसभेत तक्रार कशी सांगायची, असे माझे म्हणणे होते. जे घडले ते वगळलेस तर तू पुन्हा विशेषणेच लिहिशील, असे तिचे. शेवटी आईने निकाल दिला. “लिही,” ती म्हणाली, “ते दुसऱ्यांसाठी धावायचे तेव्हा घर मी एकटी सांभाळायचे, तेही लिही.” हे वाक्य मी तिच्याच शब्दांत घेतले.

एवढे जमल्यावरही सुरुवात सापडत नव्हती. ती माझ्या आठ वर्षांच्या भाचीने दिली. आजोबांचे काय आठवते असे विचारल्यावर तिने स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवले आणि म्हणाली, “इथे त्यांना छोटा खड्डा होता. माझं बोट त्यात बसायचं.” वर्षानुवर्षे एकाच जागी सुई टोचून घेणाऱ्यांच्या हातावर अशी खळगी पडते. बाबांच्या हातावरची ती खूण मी रोज पाहिली असणार, पण मला ती आठवत नव्हती.

भाषण ४८० शब्दांचे झाले. पहिले वाक्य भाचीचे होते आणि ते तिनेच वाचावे असे आम्ही ठरवले. माईक तिच्या उंचीला आणायला वेळ लागला. तोवर ती एक हात दुमडून, कोपराच्या आत बोट ठेवून शांतपणे उभी होती.