बासरीला तेल लावलं आज
आज रविवार, थिसिसचा दुसरा चॅप्टर संपवायचा ठरलेलं, पण सकाळपासून ईएसपी३२ (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेऊनच बसलो. गच्चीतल्या कुंड्यांसाठी तापमान आणि हवेतला दमटपणा मोजणारं छोटंसं यंत्र बनवतोय आणि त्यातला मोजमाप करणारा डीएचटी२२ सेन्सर कधी आकडा द्यायचा कधी एरर, वायर बदलल्या, ब्रेडबोर्ड बदलला, १० किलोओहमचा रेझिस्टर लावला, शेवटी दुपारी अडीचला कळलं की हा सेन्सर २ सेकंदांतून एकदाच रीडिंग देतो आणि मी दर अर्ध्या सेकंदाला मागत होतो! वेळ वाढवला आणि लगेच २९.४ आलं, आईला हाक मारून दाखवलं, तीपण खूश.

पण वायर शोधताना कपाटात मागे बासरी सापडली. एमटेकला आल्यापासून दीड वर्ष हात लावला नव्हता. बांबू पार कोरडा, दोरा सैल झालेला. फुंकून पाहिली, मध्य सप्तक कसंबसं लागलं, तार सप्तकातला सा नाहीच. आधी रोज सकाळी भूप राग वाजवायचो, खूप वाईट वाटलं खरंच. आतून बाहेरून बदामाचं तेल लावलंय, रात्रभर मुरू दे. कपाटात नाही ठेवली परत, लॅपटॉपच्या शेजारीच ठेवलीये. चॅप्टर उद्या.