जुन्या फोटोंच्या मेटाडेटातून सवयी वाचताना

पुढची लेन्स कोणती घ्यावी हे ठरवण्यासाठी मी नागपुरातल्या गोरेवाडा, अंबाझरी आणि मारबतीच्या मिरवणुकीच्या फोटोंच्या सगळ्या साठ्याचा मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत साठवलेली लेन्स, वेळ वगैरे माहिती, एक्झिफटूलमधून काढला. फिल हार्वे यांचं हे साधन फुकट आहे आणि कमांड लाइनवर चालतं.

माझे रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फायली) लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तिथे सगळे निवडून कंट्रोल-एस दाबलं की प्रत्येक रॉशेजारी एक्सएमपी ही माहितीची छोटी फाइल तयार होते. तिच्यात स्टार रेटिंग असतं, शिवाय फोकल लेंग्थ, अॅपर्चर, शटर, आयएसओही असतात. म्हणून फक्त एक्सएमपी वाचल्या. फायली छोट्या, काम लवकर होतं, आणि रॉ-जेपेग जोडी दोनदा मोजली जात नाही. डीएनजी या रॉ प्रकाराला हे लागू नाही. त्यांची माहिती फाइलच्या आतच लिहिली जाते.

उपफोल्डरांसाठी ‘आर’, तक्त्यासाठी ‘सीएसव्ही’ आणि निव्वळ आकड्यांसाठी ‘एन’ हे पर्याय द्यायचे. ‘एन’ राहिला तर फोकल लेंग्थला ‘एमएम’ चिकटून येतं आणि एक्सेल त्याला आकडा मानत नाही. तारखेतले कोलनही एक्सेलमध्ये बदलून घ्यावेत; ‘एन’ दिला असताना तारखेचा ‘डी’ पर्याय चालत नाही. सगळ्या फायली वाचून होईपर्यंत सीएसव्हीत एक ओळही उतरत नाही. मशीन अडकलं असं वाटतं. वर्षावार फोल्डर चालवलेले बरे.

खरी फसगत बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंमध्ये आहे. धीवर पक्ष्याने पाण्यात मारलेल्या एका सुराचे वीस फ्रेम पडतात आणि एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये (मोजणीच्या सारांश तक्त्यात) तीच ‘सवय’ दिसते. कॅमेरा, मग वेळ अशी क्रमवारी लावून, आधीच्या फ्रेमपासून दोन सेकंदांच्या आत असलेला फ्रेम त्याच प्रसंगात धरला आणि प्रसंग मोजले. मग तीन स्टार व वरचे वेगळे काढले. क्रॉप बॉडीच्या (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) फोकल लेंग्थला १.५ ने गुणलं (कॅननला १.६), नाहीतर दोन कॅमेऱ्यांची तुलनाच होत नाही.

वाचताना झूमची टोकं आधी बघावीत. ७०-३०० एमएम लेन्सवर पक्ष्यांचे फोटो ३०० लाच साचले असतील तर लेन्स अपुरी पडते आहे. त्याच ओळींत अॅपर्चर सतत ५.६ दिसतं; ती आवड समजू नये, त्या टोकाला लेन्स त्याहून उघडतच नाही. मारबतीचे फोटो २४ ला साचले होते. महालातल्या गल्लीत मागे सरकायला जागाच नसते, तेव्हा तिथे १६-३५ लेन्सला अर्थ आहे, आणखी एका ५० एमएमला नाही.

कोणत्या तासाला किती फोटो काढले याचा आलेख मी फारसा मनावर घेत नाही. मे महिन्यातली दुपार रिकामी दिसते ती नागपूरच्या उन्हामुळे. शिवाय जुन्या एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीत) टाइम झोन नसतो. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर पहाट दुपारी सरकते. त्याच प्रसंगाचा मोबाइलवरचा फोटो शेजारी ठेवून फरक काढावा आणि तेवढाच तक्त्यात वजा करावा, मूळ फायलींना हात लावू नये.