पाऊस, घंटा आणि तीव्र मध्यम

"अरे, पाऊस आला! दोरीवरचे कपडे काढ आधी!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

बाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस पडत होता तो माझ्या स्पीकरमधून. 'ब्लॅक सॅबथ' या बर्मिंगहॅमच्या बँडची त्याच नावाची पहिली रेकॉर्ड अशीच सुरू होते. आधी पाऊस, लांबवर घंटा, ढगांचा गडगडाट, आणि मग गिटारवर तीन स्वर. पुढे 'डूम मेटल' म्हणून जे काही संथ, जड रॉक संगीत आलं, ते सगळं या तीन स्वरांच्या पोटातून आलं असं माझं ठाम मत आहे.

आई हातातला लसूण सोलत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. लहानपणी पाचेक वर्षं गाणं शिकलेली बाई. "सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम," ती म्हणाली. "यमन रागातला. पण एवढा गळा का काढलाय?"

युरोपात सा ते तीव्र मध्यम या अंतराला सैतानाचं नाव चिकटलंय आणि आपल्याकडे शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच यमन देतात! म्हणजे भय काही त्या स्वरात नाही. यमनात तीव्र मध्यम पंचमाकडे जातो, गंधारावर उतरतो, त्याला घर असतं. इथे गिटारवाला टोनी आयोमी त्याला पंचमाच्या दारात कंप देत तसाच उभा ठेवतो आणि परत खालच्या सा वर आणून आपटतो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. आणि लय इतकी संथ, की ड्रमवाल्या बिल वॉर्डचा पुढचा ठोका पडेपर्यंत जीव टांगणीला लागतो. विलंबित म्हणावं, तर तबल्याचा दिलासा नाही.

ही रेकॉर्ड ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात उरकली. चौघं कार्यक्रमात वाजवत तसेच वाजवून मोकळे झाले. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. १३ फेब्रुवारी १९७० ला, मुद्दाम तेरा तारखेचा, तिकडे अशुभ मानला जाणारा शुक्रवार साधून, ती बाजारात आली. कव्हरवर इंग्लंडमधल्या मेपलडरहॅम गावची जुनी पाणचक्की आणि समोर काळ्या झग्यातली एक बाई. समीक्षकांनी झोडपलं, लोकांनी ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर नेऊन ठेवली.

मला मात्र त्या झग्यातल्या बाईपेक्षा आयोमीची बोटं जास्त अस्वस्थ करतात. पत्र्याच्या कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस, वय सतरा. यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमका तारा दाबायचा हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांना टोपणं केली, वर चामड्याचे तुकडे चिकटवले आणि हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या रेकॉर्डवर तर तारा दीड स्वर उतरवल्या. त्या ढिल्या तारांचा घोगरा, जड आवाज ज्यांना आवडला, त्यांनी त्यालाच शैली केलं.

हे मी आईला सांगत होतो. दुपारी जेवायला घरी आलेला तो पोरगा परत जायला तयार नव्हता. त्याची आईच म्हणाली, जा, शेवटचा दिवस नीट पुरा कर. माझ्या आईच्या हातात लसणाची पाकळी तशीच राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "मीसुद्धा हेच म्हटलं असतं."

मग बसलीच ती खुर्चीत. "लाव परत पहिल्यापासून." पाऊस, घंटा, तीन स्वर. गायक ऑझी ऑस्बर्न विचारतो आहे, समोर हे उभं आहे ते काय, आणि ही डोळे मिटून. साडेचार मिनिटांनंतर गाणं एकदम पळायला लागतं, तशी तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली.

"घेतली एकदाची द्रुत," ती म्हणाली आणि फोडणी द्यायला उठली.