वाड्यातली जुनी केबल कामी आली

अमळनेरच्या जुन्या भागातला वाडा. फायबर ओसरीपर्यंत आलेलं, राउटर तिथेच. घरची सून मागच्या माडीवर बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करते, आणि तिथे वायफायची रेंजच नव्हती. मधल्या भिंती मातीच्या, हातभर जाड. वायर ओढायचं म्हटलं तर आजींनी आधीच बजावलं, "भाऊ, भितले भोक नको पाडू." मला ते पटलं. असल्या भिंतीला ड्रिल लावलं की पोपडेच्या पोपडे सुटतात.

मग पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरची जोडी काढली. यात घरातल्या विजेच्या तारांवरूनच डेटा जातो. ५० हर्ट्झच्या विजेसोबत २ ते २८ मेगाहर्ट्झचे सिग्नल. एक राउटरपाशी लावला, दुसरा माडीवर. लिंक येईना. डीबी, म्हणजे घरातल्या विजेची मुख्य पेटी, उघडली तेव्हा कळलं: कनेक्शन थ्री-फेज, ओसरी एका फेजवर, माडी दुसऱ्यावर. सिग्नलला या फेजवरून त्या फेजवर जायला धड वाट नसते. वायरमनने लोड बघून माडीचा फेज बदलून दिला आणि लिंक आली.

पण मे महिना होता. दुपारी माडीवर सूनबाईंनी कुलर लावला आणि स्पीड धाडकन पडला. बंद केला की परत वर, लावला की पुन्हा खाली. कुलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच तारांत गोंगाट सोडत होता. आता खान्देशातल्या मे महिन्यात कुलर बंद ठेवून काम करा, असं कुणाला सांगणार?

तुळईच्या कडेने गेलेली काळी केबल तेव्हा नजरेत भरली. जुन्या केबल टीव्हीची, आरजी-६ प्रकारची. घरात डिश आली तेव्हापासून बेवारस, पण ओसरीतून थेट माडीपर्यंत गेलेली. लगेच मोका अ‍ॅडॉप्टर मागवले. ते टीव्हीच्या अशा कोअ‍ॅक्सियल केबलवरून इंटरनेटचा डेटा नेतात, ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये. जिन्याखालच्या स्प्लिटरवर, म्हणजे केबलला फाटे फोडणाऱ्या डबीवर, '५–१०००' छापलेलं; ती १००० मेगाहर्ट्झपर्यंतचीच, म्हणजे आमच्या सिग्नलची वाट तिथेच अडणार. तो काढून सरळ जोड दिला. केबलची टोकं हिरवी पडली होती. वीतभर कापली, आत तार लख्ख निघाली, नवे कनेक्टर बसवले. डिशच्या केबलला मात्र हात लावला नाही. तिचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये येतो, दोन्ही एकमेकांवर आदळले असते.

कुलर फुल्ल चालू असताना माडीवर प्लॅनचा पूर्ण स्पीड मिळाला. निघताना केबलच्या दोन्ही टोकांना 'कापू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. दिवाळीच्या रंगकामात अशा वायरी सगळ्यात आधी तुटतात.