ताणलेला दोरा

नागपूरचे तिकीट शोधत परवा दुपारी बसले होते. पडद्यावर मुंबई आणि नागपूर या दोन नावांच्या मधोमध एक सरळ रेघ होती आणि तिच्यावर लिहिले होते, ‘1 तास 35 मिनिटे’. ती रेघ पाहून बाबांचा दोरा आठवला आणि तिकीट राहिले बाजूला.

शाळेचा नकाशासंग्रह फरशीवर पसरून, आईच्या शिवणाच्या डब्यातल्या रिळाचा पांढरा दोरा तोडून बाबा अंतरे मोजायला शिकवीत. दोऱ्याचे टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरणे हे माझे काम. तो ताणून नागपूरला टेकवला की विमानाचे अंतर मिळे. तोच कसारा, मनमाड, भुसावळ, बडनेरा असा रुळांच्या काळ्या रेघेवरून वळवत नेला की गाडीचे. आजचे आकडे सांगायचे तर हवेतून सुमारे 685 किलोमीटर आणि लोहमार्गाने 837. मधल्या या दीडशे किलोमीटरांच्या ढिलाईतच कसारा घाटात मागून ढकलणारे इंजिन, इगतपुरीचा वडा आणि मध्यरात्री भुसावळला खिडकीशी येणारी केळी बसलेली असत, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. विदर्भ एक्सप्रेसला चौदा तास लागत, ते आम्हाला कधी जास्त वाटले नाहीत.

आजोबांचे गणित निराळेच होते. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून आपापल्या गावी परतत. नागपूर हे जायचे ठिकाण नसून टपाल बदलायचे ठिकाण आहे, असे ते थट्टेने म्हणत.

खरे तर ताशी आठशे किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला 685 किलोमीटरांसाठी तासही लागू नये. परंतु वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलले तेव्हापासून, दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत मोजलेली असते. त्यातून मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि मागे रांग लागते. दिवाळीला अशाच एका रांगेत आमचे विमान पाऊण तास उभे होते. तेवढ्यात आईचा फोन आला.

“कुठवर आलीस?”

गाडीत या प्रश्नाला नेहमी एखाद्या स्टेशनाचे नाव तयार असे. मी खिडकीतून पाहिले. बाहेर गवत होते आणि गवतात एक बगळा उभा होता.

“अजून मुंबईतच आहे,” मी म्हणाले.

“विदर्भ एव्हाना कल्याणला पोचली असती,” आई म्हणाली आणि कुकरची शिटी झाली म्हणून तिने फोन ठेवला.