कर्ण मोजल्याशिवाय नाही

आपल्या शाळेत आठवीला क्षेत्रफळ मैदानावर शिकवलं जायचं. टेप, दोरी, चार खुंट्या, आणि सरांचा एकच प्रश्न: "कर्ण घेतला का?" पुढे जमीनमोजणीच्या कामात गेलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना तो प्रश्न आजही रोज लागतो, म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकात त्याबद्दलच लिहितो.

चौकोनाच्या चार बाजू कळल्या म्हणजे क्षेत्रफळ कळलं, हा समज फार पक्का आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणाकार करायचा, ही सर्रास वापरली जाणारी रीत. ती आयताला बरोबर येते; बाकी प्रत्येक चौकोनाला खऱ्यापेक्षा जास्तच आकडा देते, कमी कधीच नाही. बाजू ३०, ४०, ३०, ४० फूट घ्या. दोन्ही कर्ण ५० भरले तर जागा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे आणि क्षेत्रफळ १२०० चौरस फूट. पण त्याच बाजूंत एक कर्ण ४० भरला, तर क्षेत्रफळ सुमारे १११२ चौरस फूट, सरासरीची रीत मात्र १२००च सांगते. फरक ८८ चौरस फूट, म्हणजे एक लहानशी खोली, फक्त कागदावर! पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जागा काटकोनी क्वचितच असतात, तिथे तर ही रीत वापरूच नये. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हेच बजावलं आहे. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते चक्क पिशाच म्हणतात.

मग करायचं काय? एक कर्ण मोजा. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून त्यावर लंब टाका. दोन्ही लंबांची बेरीज गुणिले कर्ण, भागिले दोन. वरच्या उदाहरणात प्रत्येक लंब २७.८ फूट येतो, करून बघा. लंब डोळ्यांनी ठरवू नये. टेपचं शून्य कोपऱ्यावर धरून दुसरं टोक कर्णावरून फिरवा. सगळ्यात कमी माप येईल तो लंब. मध्ये झाड किंवा विहीर असेल तर चार बाजू आणि कर्ण अशा पाचही लांब्या घ्या आणि दोन्ही त्रिकोण हेरॉनच्या सूत्राने (तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देणारं सूत्र) सोडवा. जमल्यास दुसरा कर्णही मोजून ठेवावा, चूक तिथे लगेच पकडली जाते.

उतारावर टेप जमिनीला टेकवू नका. क्षेत्रफळ धरायचं ते आडव्या सपाटीचं. वेताळ टेकडीच्या बाजूच्या एखाद्या प्लॉटला दर ४ मीटरला १ मीटर चढ असेल, तर जमिनीलगत घेतलेलं माप ३ टक्के जास्त येतं. टेप आडवा ताणायचा, ओळंबा सोडायचा आणि टप्प्याटप्प्याने उतरायचं.

नकाशावरून काढताना प्रमाणाचा वर्ग घ्यायला विसरतात. १:५०० च्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर, पण १ चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ चौरस मीटर. झेरॉक्स २ टक्के आकसली तर क्षेत्रफळ जवळपास ४ टक्क्यांनी घटतं, म्हणून नकाशावर छापलेली मोजपट्टी आधी पट्टीने तपासावी.

शेवटी सातबारा. त्यावर ०.४०.०० लिहिलेलं म्हणजे ४० आर, अर्थात ४००० चौरस मीटर. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४०४६.८६ चौरस मीटर. आर आणि गुंठा एकच समजून ४० आरांना एकर म्हटलं, तर घेणाऱ्याच्या पदरात सुमारे ५०० चौरस फूट कमी पडतात.