स्वालबार्डला जायचे, तर परतीचाही व्हिसा हवा

गेल्या मंगळवारी रात्री आईने दोन पासपोर्टांच्या पानांची छायाचित्रे पाठवली आणि खाली लिहिले, "आला बरं का व्हिसा, आता तू निवांत झोप." मी ती छायाचित्रे मोठी करून पाहिली. नावे बरोबर होती, तारखा बरोबर होत्या, पण प्रवेशांच्या संख्येच्या रकान्यात ०१ छापलेले होते, आणि त्या दोन आकड्यांनी माझ्या तीन महिन्यांच्या तयारीवर पाणी फिरवले.

अण्णा आणि आई जूनमध्ये मंगळवेढ्याहून माझ्याकडे ओस्लोला येणार आहेत, आणि त्यांना घेऊन स्वालबार्डला जाण्याचा बेत मी जानेवारीपासून आखत आहे. ही द्वीपमालिका नॉर्वेच्या उत्तर टोकापासूनही बरीच पुढे, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर आहे. तिथले मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अक्षांशाच्याही वर वसलेले आहे. ओस्लोहून तीन तासांचे विमान आहे. जगातल्या कोणत्याही देशाच्या नागरिकाला स्वालबार्डला जाण्यासाठी किंवा तिथे राहण्यासाठी व्हिसा लागत नाही, हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले होते, कारण अकरा वर्षांत या पासपोर्टावर कुठेही जायचे म्हटले की पहिला विचार व्हिसाचाच करण्याची सवय मला लागली आहे.

अडचण त्या बेटांवर नाही, वाटेत आहे. स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. नेहमीचे विमान मात्र नॉर्वेच्या मुख्य भूमीवरूनच सुटते, आणि ती मुख्य भूमी शेंगेनमध्ये आहे. म्हणजे आई-अण्णा भारतातून ओस्लोला उतरले की एक प्रवेश खर्ची पडतो. लाँगइयरब्येनच्या विमानात बसण्यापूर्वी पासपोर्ट तपासला जातो आणि शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. चार दिवसांनी ओस्लोला परतायचे तर तो दुसरा प्रवेश ठरतो. ज्याच्या व्हिसावर ०१ आहे त्याला बिनव्हिसाच्या बेटांवर जाता येते, पण तिथून लेकीच्या घरी परत येता येत नाही. माझ्याकडे नॉर्वेचा वास्तव्य परवाना असल्यामुळे हा नियम मला लागू नाही. तो लागू आहे फक्त माझ्या आई-वडिलांना.

माझ्या कार्यालयातली एक सहकारी बर्गनकडची आहे. ती तीनदा स्वालबार्डला जाऊन आली आहे, आणि विमानतळावर पासपोर्ट का दाखवावा लागतो असा प्रश्न तिला तिन्ही वेळा पडला नव्हता. मी तिला कागदावर रेघा काढून सगळे समजावून सांगितले, तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली की आपल्याच देशाचा हा नियम आपल्याला ठाऊक नव्हता. मला तिचा राग आला नाही. ज्याच्या पायाला दगड लागत नाही त्याला वाटेत दगड आहे हे कळावे तरी कसे? त्या दिवशी ती कार्यालय सुटल्यावरही थांबली, माझे निमंत्रणपत्र तिने ओळीओळीने वाचले, आणि प्रवासाचा क्रम तारखांसह पहिल्याच परिच्छेदात आला पाहिजे असे सुचवून तो परिच्छेद स्वतः नव्याने लिहून दिला.

इथल्या नियमांवर मी पूर्वी याच जागी पुष्कळ टीका केली आहे, म्हणून हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की हा नियम लपवलेला नाही. तो स्वालबार्डच्या प्रशासनाने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवला आहे. चूक आमच्या बाजूने झाली. अर्ज भरून देणाऱ्या तिकडच्या एजंटाला मी लाँगइयरब्येनच्या हॉटेलाचे आरक्षण पाठवले होते. हॉटेल नॉर्वेतलेच आहे असे समजून त्याने एकच प्रवेश मागितला, आणि आई-अण्णांनी माझ्यावर विसंबून सही केली. तो अर्ज सहीपूर्वी माझ्या नजरेखालून जायला हवा होता. तरीही एक गोष्ट मनाला टोचत राहतेच: ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कुणाचा बांध कोरला नाही, त्याला चार दिवस बर्फ पाहून परत येण्यासाठी दोन प्रवेशांची गरज आधी सिद्ध करावी लागते, आणि इथल्या माणसाला पासपोर्ट खिशात ठेवला की पुरते.

या रागाला आणखी एक कारण आहे. स्वालबार्डवरचे नॉर्वेचे सार्वभौमत्व ज्या कराराने मान्य झाले, तो करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला आणि १९२५ मध्ये अमलात आला. त्यावर सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे राहण्याचा, मासेमारी-शिकार करण्याचा आणि व्यवसाय करण्याचा समान हक्क त्या कराराने दिला, आणि त्या मूळ देशांमध्ये भारताचे नाव आहे. त्या वेळी आपली सही ब्रिटिश राजाच्या नावाने झाली हे खरे आहे, पण हक्क वारशाने आपल्याकडे आला आणि आपण तो वापरतही आहोत. तिथल्या न्यू-आलेसुंद या संशोधन-वस्तीत १ जुलै २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीच्या काळोखातही तिथे राहून काम करू लागले आहेत. आम्हाला तिकडे जाणे जमणार नाही, पण त्या दिशेने तोंड करून उभे राहिले तरी मला अभिमान वाटेल.

नातेवाइकांपैकी अनेकांनी विचारले की आई-वडिलांना पॅरिस किंवा स्वित्झर्लंड दाखवायचे सोडून इतका खर्च करून बर्फात कशाला नेतेस. याचे उत्तर अण्णांनीच दिले आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना फोनवर सांगितले होते की स्वालबार्डच्या एका डोंगराच्या पोटात जगभरच्या पिकांचे बियाणे साठवून ठेवले आहे. त्यावर त्यांनी लगेच विचारले, "ज्वारी हाय का तितं?" ज्वारी आहे. हैदराबादजवळच्या पतनचेरू इथल्या इक्रिसॅट या संस्थेने ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांचे लाखाहून अधिक नमुने तिथे पाठवले आहेत. पतनचेरू हे सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावरच आहे. अण्णा त्या फाटकासमोरून कितीतरी वेळा गेले आहेत, पण आतले बियाणे कुठवर पोहोचले आहे हे त्यांना माहीत नव्हते.

त्यानंतर ते म्हणाले, "मग ते पेवच की." मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, ठेवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापेक्षा नेमका शब्द सुचणार नाही. आमच्या जुन्या वाड्यासमोर असे एक पेव होते. तळाला आणि कडेने कडबा लावून त्यात धान्य भरत आणि तोंड मातीने लिंपून टाकत. उघडायच्या दिवशी आम्हा मुलांना लांब उभे करत; आधी तोंड बराच वेळ मोकळे ठेवायचे, मग दोरीने कंदील आत सोडायचा, आणि ज्योत विझली नाही तरच माणूस उतरायचा. बियाण्याची कणसे मात्र वेगळी राखलेली असत, त्यांचे दाणे राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवत, आणि घरात कितीही टंचाई आली तरी त्यांना हात लावण्याची आजीची परवानगी नसे.

स्वालबार्डचे पेव २६ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झाले. डोंगरात शंभर मीटरहून अधिक आत खोदलेल्या दालनांमध्ये उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात आज १३ लाखांहून अधिक नमुने आहेत, आणि ज्याने जे ठेवले ते त्याच्याच मालकीचे राहते. दुसऱ्या कुणाला ती पेटी उघडता येत नाही. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळच्या इकार्डा या संस्थेला स्वतःच्या बियाणे-पेढीचा आधार उरला नाही, तेव्हा २०१५ मध्ये तिने आपले बियाणे इथून परत नेले, पेरले, वाढवले आणि नवे बियाणे पुन्हा आणून ठेवले. अण्णांना यातले सगळ्यात जास्त हेच आवडले. २०१६ च्या शरद ऋतूत अवेळी पाऊस होऊन बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरले होते, हे सांगितल्यावर ते गंभीर झाले, कारण पेवाला ओल लागणे म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे. बियाण्यापर्यंत पाणी पोहोचले नव्हते आणि नंतर तो बोगदा नव्याने पक्का बांधला, हे ऐकल्यावरच त्यांनी पुढचे विचारले. आपल्याकडेही लडाखमध्ये चांग ला इथल्या थंडीत बियाणे जतन केले जाते, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. सगळे शहाणपण युरोपातच आहे असे त्यांना वाटू नये.

प्रवाशांना आत सोडत नाहीत. आम्ही टॅक्सीने वर जाऊन ते दार बाहेरून पाहणार आहोत, आणि अण्णांना तेवढे पुरेसे आहे. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची असल्यामुळे जूनमध्ये ते मोकळे असतात. आषाढीपूर्वी परत पोहोचायचे, कारण पंढरपूर घराजवळ असताना एकादशीला परमुलखात राहणे त्यांना मान्य नाही.

बाकी तयारी बरीच झाली आहे. गावाबाहेर ध्रुवीय अस्वलांचा धोका असल्यामुळे बंदूकधारी वाटाड्याशिवाय जाऊ नये असे तिथे सांगितले जाते, त्यामुळे पहाटे उठून रानाच्या दिशेने चालू लागण्याची सवय अण्णांना चार दिवस आवरावी लागेल. गंभीर आजारी माणसाला विमानाने ट्रॉम्सोला हलवावे लागते, म्हणून विमा त्या खर्चासह घेतला आहे. चपला-बूट दाराशी काढून हॉटेलात आणि संग्रहालयात शिरायचे, ही कोळशाच्या खाणकामगारांपासून चालत आलेली तिथली रीत ऐकून आईला ते गाव परके वाटेनासे झाले. तिची शंका वेगळीच होती. २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही, मग तिन्हीसांजेचा दिवा कधी लावायचा? हॉटेलात ज्योत पेटवता येणार नाही हे मी सांगितले. त्यावर तिने ठरवले की मंगळवेढ्यात सात वाजतील तेव्हा, म्हणजे तिथल्या दुपारी साडेतीनला, ती नुसते हात जोडून शुभंकरोती म्हणेल. ज्वारीचे पीठ मी ओस्लोतल्या ग्रोनलांडच्या दुकानातून आणून ठेवले आहे, आणि शेंगदाण्याची चटणी ती घरूनच आणणार आहे.

व्हिसावर खाडाखोड होत नाही, त्यामुळे नव्याने अर्ज आणि माणशी ९० युरो पुन्हा भरणे आले. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ पर्यंत. आमच्या हाती नऊ आठवडे आहेत. विमानाची तिकिटे बदलता येण्याजोगी घेतली होती, हे त्यातल्या त्यात बरे झाले. या वेळचा अर्ज मी स्वतः भरला आणि काल रात्री दोघांना फोनवर घेऊन पानन् पान वाचले. प्रवेशांच्या रकान्याशी आल्यावर अण्णांनी मला थांबवले, चष्मा लावला, त्या चौकटीवर बोट ठेवले आणि "दोन," असे मोठ्याने वाचून मगच सही केली. सोमवारी पहाटेच्या एसटीने ते पुण्याला निघत आहेत.